पेटीची आतडी

जुना कॉम्प्युटर उघडला की आधी वास येतो. लोकांना वाटतं धुळीचा असेल. धूळ बिचारी गरीब असते. हा वास आतल्या कपॅसिटरमधून गळलेल्या पाण्याचा असतो, नासलेल्या मासळीसारखा, आणि दोन दिवस बोटांवरून जात नाही. कीबोर्डची बटणं उपटली की खाली अख्खा माणूस सापडतो. कोंडा, नखांचे तुकडे, बिस्किटाचा चुरा, पापणीचे केस, झुरळाच्या अंड्यांची टरफलं. सव्वीस वर्षं मी हे खरवडून काढते आहे. आणि समोरच्या स्टुलावर बसलेलं गिऱ्हाईक डोळ्यांच्या कडा पुसत म्हणतं, "काय दिवस होते हो ते."

पूर्वी माझ्या दुकानात प्रिंटर यायचे, टीव्ही यायचे, लोकांना लागणाऱ्या वस्तू यायच्या. आता आठवणी येतात. कुणाला बापाने कॉलेजात जाताना लॅपटॉप भेट दिलेला असतो, कुणाला सासऱ्याने लग्नात. एक गृहस्थ तर मी उघडून ठेवलेला कीबोर्ड उचलून हुंगत बसले.

मी म्हटलं, "साहेब, घाण आहे तो."

"माझ्या सासऱ्यांनी दिलेला आहे."

"कसे आहेत सासरे?"

"संबंध नाहीत. अकरा वर्षं झाली."

सासऱ्याचं तोंड बघायचं नाही, पण सासऱ्याने दिलेल्या डब्याची बिजागरी मोडलेली चालत नाही. मला किळस येते ती झुरळांची नव्हे.

तरी दुकान चालवायचं असतं. म्हणून गोदामवाल्या कंपनीचा फोन आला तेव्हा मी नाही म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं. कारण ही तीच कंपनी, जिथे माझ्या आईने एकतीस वर्षं गोदामागोदामांतून फिरून पोती, खोकी आणि पिंपं मोजली.

कंपनीला पन्नास वर्षं होणार होती. छोटे मालक आता सत्तावन्न वर्षांचे आहेत, टक्कल पडलंय, पण थोरले गेले तरी हे छोटेच राहिले. त्यांच्या डोक्यात आलं की प्रदर्शन मांडायचं. पस्तीस वर्षांपूर्वी थोरल्या मालकांनी बारा कर्मचाऱ्यांना बारा पोर्टेबल कॉम्प्युटर भेट दिले होते, ते गोळा करायचे आणि एका रांगेत चालू करून ठेवायचे. मागे थोरल्यांचा हार घातलेला मोठा फोटो. वर पाटी, 'काळाच्या पुढची भेट'.

पोर्टेबल म्हणजे काय ते सांगते, नाहीतर तुमच्या डोळ्यांपुढे मांडीवरचा नाजूक लॅपटॉप यायचा. ही पत्र्याची आणि प्लास्टिकची पेटी होती, शिलाई मशीनच्या आकाराची. झाकण काढलं की त्याचाच कीबोर्ड व्हायचा. आत वहीच्या पानाएवढा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं, आणि शेजारी फ्लॉपी घालायच्या दोन खाचा, एक वर, एक खाली. वजन बारा किलो. वर मूठ बसवलेली होती म्हणून तिला पोर्टेबल म्हणायचं. तशी मूठ लावली तर कपाटही पोर्टेबल होईल.

अकरा पेट्या टेम्पोतून दुकानात आल्या. बारावी आमच्याच घरी होती, आईच्या पलंगाखाली, जुन्या चादरीत गुंडाळलेली.

सोबत सजावटवाला आला. प्रदर्शनाचं कंत्राट त्याचं. कानात यंत्र, हातात दुसरं यंत्र, बोलणं तिसऱ्याशीच.

"ताई, बाराच्या बारा चालू पाहिजेत. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा."

"यातल्या आठ मेलेल्या आहेत. उरलेल्या चालतील, पण सुरू व्हायला चार मिनिटं घेतात, आणि तासाभरात तापून बंद पडतात."

"नाही चालणार. जिवंत दिसल्या पाहिजेत सगळ्या."

"मग काय करू? फुंकर मारू?"

तो हसला. अशा माणसांना राग येत नाही, त्यांच्याकडे तेवढा वेळ नसतो. "आतलं सगळं काढून टाका. मी नवे छोटे पडदे देतो, ते बसवा. मागे एक पेनड्राइव्ह. फिल्म फिरत राहील, हिरवी अक्षरं, मालकांचा फोटो, परत हिरवी अक्षरं. लोकांना काय कळतंय?"

"आणि कुणी बटण दाबलं तर?"

"पाटी लावू ना, हात लावू नये."

मी केलं. मेलेल्या वाघात पेंढा भरावा तशी एकेक पेटी भरली. तीन दिवसांत अकरा झाल्या. आतडी काढायची, टेबलाखालच्या पोत्यात टाकायची, पडदा चिकटवायचा. खाचांचे नुसते चेहरे राहिले, मागे पोकळी.

चौथ्या दिवशी आईची पेटी उघडली.

आणि ती चालू झाली.

मी नुसती तपासायला वायर लावली होती. पंखा घरघरला, दोनदा टीक टीक झालं, आणि काचेवर हिरवा ठिपका लुकलुकायला लागला. पस्तीस वर्षं. कपॅसिटर गळला नव्हता, फ्लॉपी फिरवणारा रबरी पट्टा विरघळला नव्हता. बटणांखाली आईचे केस होते, लांब आणि काळे, आता तिच्या डोक्यावर एकही तसा नाही. मी तो ठिपका बघत बसले.

ती पेटी आमच्या घरी आली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. लाल रिबीन बांधून आली होती. थोरल्या मालकांनी स्टेजवर आईच्या हातात दिली, फोटो निघाला, टाळ्या झाल्या. ते म्हणाले होते, "आता ऑफिस तुमच्या घरी आलं." आम्हाला वाटलं कौतुक चाललंय. माणूस सरळसरळ धमकी देत होता आणि आम्ही पेढे खाल्ल्यासारखी तोंडं करून बसलो होतो. त्यानंतर आईचा रविवार गेला. दिवसभर बारा किलो खांद्याला लावून गोदामं फिरायची आणि घरी येऊन तेच आकडे पेटीत भरायची. मी शेजारी बसून कागदावरचे आकडे वाचून दाखवायची, कारण तिचे डोळे दुखायचे. बाबा म्हणायचे, "हा पाहुणा जायचं नाव घेत नाही. याला एकदा जेवायला तरी घाला." पाच वर्षांत आईचा उजवा खांदा उतरला. आजही ती वरच्या फळीवरचा डबा डाव्या हाताने काढते. कंपनीने तिच्या खांद्याचं काही केलं नाही. भेटीला खांदा लागतो हे भेट देणाऱ्याला कसं कळणार?

मी नऊ वर्षांची असल्यापासून मला ती पेटी फोडायची होती. आता माझ्या हातात पक्कड होती आणि फोडायला सांगणारं गिऱ्हाईक होतं. असा योग पुन्हा आला नसता.

पडद्याची काचनळी असते, तिच्या मागे बारीक मान असते. ती मोडली की आत हवा शिरते, फुस्स आवाज येतो. मी मान मोडली. फुस्स. मग बोर्ड उपटला, ड्राइव्ह उपटले, वायरी कापल्या. खरं सांगते, मजा आली. आईच्या पेटीला मी सगळ्यात नीट पोकळ केलं. दुपारी भंगारवाला आला, त्याला पोतं दिलं. तो बोर्डांचे तुकडे करून तेजाबात टाकतो. तिथून परत काही येत नाही.

त्याच संध्याकाळी जेवताना आई म्हणाली, "माझी झाली का गं?"

"झाली."

"चालते?"

"चालते," मी म्हटलं. पडद्यावर फिल्म चालत होती, त्या हिशेबाने.

ती जेवायची थांबली. "परवा प्रदर्शनात मी बसणार आहे तिच्यावर. आख्खं करून बघणार. पहिल्या फ्लॉपीपासून शेवटपर्यंत."

"कशाला आता?"

आईने ताटाकडे बघत सांगितलं. महिन्याभरात दोनदा गॅस चालू राहिला. एकदा ती कोपऱ्यावरच्या दुकानात गेली आणि परत यायचा रस्ता कुठला ते तिला कळेना, दहा मिनिटं तशीच उभी होती. मला सांगितलं नव्हतं. माझी मावशी, म्हणजे आईची थोरली बहीण, शेवटची चार वर्षं स्वतःच्या मुलाला इलेक्ट्रिशियन समजत होती. आईने ते जवळून पाहिलंय. डॉक्टरची तारीख पुढच्या महिन्यातली होती.

"डॉक्टर घड्याळ काढायला सांगतात म्हणे," आई म्हणाली. "घड्याळ काय, कोणीही काढेल. त्याने मला काय कळणार? पण ते मशीन मी पंधरा वर्षं चालवलंय. डोळे मिटून चालवलंय. तिथे बसले आणि हात चालले, तर मी ठीक आहे. नाही चालले तर मग तूही तयारीला लाग."

"असं काही नसतं गं."

"तुला काय माहीत? तुला दुसऱ्यांची मशिनं कळतात."

मला तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि म्हटलं, "भाजी वाढू का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भंगारवाल्याकडे गेले. त्याने तेजाबाचं टपच दाखवलं. "ताई, लवकर यायचं ना." तिथून दुसरी तशी पेटी शोधायला ओळखीच्या सगळ्यांना फोन केले. ज्यांना रडताना बघून मी मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या, त्या सगळ्यांना. सासऱ्याचा कीबोर्ड हुंगणारे म्हणाले, "मिळाली तर मलाच सांगा, मी घेतो." शेवटी मी ठरवलं की पाटी आहेच, हात लावू नये, तेवढ्यावर भागवायचं.

प्रदर्शनाच्या दिवशी आई नऊ वाजताच तयार होऊन बसली. पर्समध्ये पाकीट होतं, पाकिटात फ्लॉपी. तिने जपून ठेवलेली, वर तिच्या हाताने लिहिलेला गोदामाचा आकडा.

"आई, तिथे हात लावू देणार नाहीत."

"माझ्याच मशीनला?"

"नियम आहे."

"बघू," ती म्हणाली. गोदामवाले कडी उघडत नसत तेव्हा ती असंच म्हणायची.

दालनात गारवा होता आणि अत्तराचा वास. बारा पेट्या पांढऱ्या चौथऱ्यांवर, प्रत्येकीवर वरून दिवा. प्लास्टिकचा पिवळेपणा मी औषध लावून घालवला होता, त्यामुळे त्या नुकत्या न्हाऊ घातलेल्या प्रेतांसारख्या दिसत होत्या. बाराही पडद्यांवर एकाच वेळी हिरवी अक्षरं धावत होती, एकाच वेळी थोरले मालक प्रकट होत होते. लोक मोबाईल वर धरून 'ओ हो हो' करत होते. ज्यांनी आयुष्यात असली पेटी उचलली नाही तेच जास्त गहिवरले होते. एक बाई म्हणाली, "तेव्हाच्या वस्तूंना आत्मा होता." त्या वस्तूंचा आत्मा मी पोत्यात भरून भंगारवाल्याला दिला होता.

छोटे मालक आईला बघून दोन्ही हात पसरून आले. "काकू. या, या. तुमच्यासारखी माणसं म्हणून कंपनी आहे." त्यांनी तिच्या उजव्या खांद्यावर थाप मारली. आईचा चेहरा कळवळला, त्यांना दिसला नाही. "तुमचं मशीन कुठलं? बसा ना तिथे. फोटो घेऊ."

मी पुढे झाले. "हात लावू नये अशी पाटी आहे."

"अहो ताई, पाटी पब्लिकला. काकू घरच्या आहेत." त्यांनी स्वतः खुर्ची ओढली.

"आई, चल. खांदा दुखेल."

"सरक गं," आई म्हणाली.

ती बसली. चष्मा पुसला. चार-पाच लोक जमले, फोटोग्राफर गुडघ्यावर बसला. आईने पाकिटातून फ्लॉपी काढली, बरोबर बाजू वर केली, खालच्या खाचेत सरकवली. मागे धरून ठेवायला काही नव्हतंच. फ्लॉपी आत गेली आणि पडली. बारीकसा टप्प आवाज झाला. दालनातल्या गलबल्यात तो मला ऐकू आला.

आईने खाचेत बोट घातलं. "उलटी घातली का मी?" ती स्वतःशीच पुटपुटली.

मग तिने बटणं दाबायला सुरुवात केली. बोटं भराभर गेली, हे मी शपथेवर सांगते. पडद्यावर हिरवी अक्षरं तिच्याकडे ढुंकूनही न बघता धावत राहिली. तिने हात उचलला. पुन्हा दाबलं, आता हळू, एकेक बटण. थोरले मालक हसत पडद्यावर आले. ती त्यांच्याकडे बघत राहिली, जणू त्यांनीच सांगावं काय चुकलं ते.

"काकू, विसरलात वाटतं," छोटे मालक म्हणाले, आणि जमलेले हसले. वाईट हेतू नव्हता कुणाचा. यांचा हेतू वाईट कधीच नसतो, तेच तर घाण आहे.

"चुकतंय माझं काहीतरी," आई म्हणाली. तिने हात मांडीत घेतले. "जाऊ द्या. झालं माझं."

एवढ्या वर्षांत मी आईला थकलेलं पाहिलंय, चिडलेलं पाहिलंय. घाबरलेलं पहिल्यांदा पाहिलं. ओठ पांढरे पडले होते. आणि फोटोग्राफर म्हणत होता, "काकू, जरा स्माइल."

मी पेटी धरली आणि चौथऱ्यावर उलटी फिरवली. मागचं झाकण मीच बसवलं होतं, दोन स्क्रूंवर. नखाने निघालं.

"आत काही नाही," मी म्हटलं. "आई, बघ. आत काही नाहीये. ही फिल्म आहे. तू काही चुकली नाहीस."

आत दिव्याचा उजेड पडला. रिकामा पत्रा, गोंदाचे डाग, पेनड्राइव्ह, आणि तळाशी तिची फ्लॉपी. आई वाकून बराच वेळ बघत होती.

सजावटवाला धावत आला. "ताई, काय करताय? चॅनलवाले येतायत."

छोटे मालक दबक्या आवाजात म्हणाले, "हे नंतर बोलू ना आपण." मग मागे वळून, मोठ्याने, "काकूंसाठी टाळ्या." आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं कार्यक्रमातच आहे.

आईने टाळ्या थांबू दिल्या. मग तिने विचारलं, "कोणी काढलं आतलं?"

"मी."

"बिघडलं होतं?"

खोटं बोलायला ही शेवटची जागा होती, आणि सोपी होती. "नाही. चालू झालं होतं."

"मग?"

"मला राग होता त्याचा. तुझा खांदा..."

"खांदा माझा आहे," आई म्हणाली.

दालनामागे खुर्च्या रचून ठेवायची खोली होती. ती तिकडे चालत गेली, मी मागोमाग. तिने एक खुर्ची उघडली, एक मला दाखवली. जुन्या टेबलावर पुठ्ठ्याची खोकी होती, ती बाजूला सारली.

"बस. तू शेजारी बसायचीस. तुला माहीत आहे सगळं. मी सांगते, चुकलं की थांबव."

तिने टेबलाच्या फळीवर दहा बोटं ठेवली. "वरच्या खाचेत पहिली फ्लॉपी. चालू. दोनदा टीक टीक होईपर्यंत थांबायचं. मग प्रोग्रामचं नाव, एंटर. गोदामाचा आकडा, चोवीस, एंटर. तारीख. आधी महिना, मग दिवस, उलटं घेतं ते. एंटर." बोटं फळीवर वाजत होती. बरोबर होतं, एकेक शब्द बरोबर होता. मी मान डोलावत होते. "मग ते काहीतरी विचारायचं."

ती थांबली.

"काय विचारायचं?" मी म्हटलं.

"तेच तर आठवायला बघतेय." डावा हात हवेत राहिला. "दोन ओळींत विचारायचं. ते समोर आलं की माझं बोट आपोआप जायचं. न विचारताच उत्तर कसं देऊ?" ती माझ्याकडे वळली. "तू सांग ना. काय विचारायचं ते?"

मी डोळे मिटले. हिरवी अक्षरं दिसली, दोन ओळी दिसल्या. वाचता आल्या नाहीत. मी नऊ वर्षांची होते, मला झोप यायची, मी कागदावरचे आकडे वाचायची. पडद्याकडे मी कधी नीट बघितलंच नव्हतं. तिरस्काराने मान फिरवून बसायची.

"मलाही आठवत नाही गं."

आईने तारखेपासून पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच अडली. तिसऱ्यांदा तिने चोवीसच्या जागी बेचाळीस म्हटलं, स्वतःच थबकली, आणि कुठलं खरं ते तिला ठरवता येईना. मी म्हटलं, "चोवीस, मघाशी तू चोवीस म्हणालीस." ती म्हणाली, "मघाशी म्हणाले ते तरी बरोबर कशावरून?"

बाहेर माइकवर कुणीतरी थोरल्या मालकांच्या दूरदृष्टीबद्दल बोलायला लागलं होतं.

"आई, मी दुसरी शोधते. अगदी तशीच. कुठूनही आणते."

"त्यात माझा प्रोग्राम असणार आहे का?"

नव्हता. तो कंपनीने त्या बारा पेट्यांपुरता करून घेतला होता. त्याची फ्लॉपी, आईची ती पहिली फ्लॉपी, मी उपटून पोत्यात टाकलेल्या वरच्या ड्राइव्हमध्येच अडकलेली होती, आणि ड्राइव्ह बाहेर काढायच्या आधी मी आत बघितलंही नव्हतं. पेटीच्या तळाशी पडलेली ती फ्लॉपी नुसती आकड्यांची होती.

आईने फळीवरचे हात उचलले आणि एकमेकांवर चोळले, थंडी वाजल्यासारखे. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती माझ्याकडे बघतही नव्हती, भिंतीला टेकवलेल्या खुर्च्यांकडे बघत होती.

"आता मला कसं कळणार?" ती म्हणाली.